पावती

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
प्राचार्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली
अठ्ठ्याऐंशीपासूनची प्रवेश-रजिस्टरं
आणि एक मोबाईल, ज्याचं बिल कॉलेज भरणार.
म्हणाले, सुलक्षाबाय, तुम्ही तर सगळ्यांना ओळखता.

ओळखते.
फीच्या खिडकीला खाली अर्धगोल भोक होतं,
त्यातून आत यायचे तेवढे हात ओळखते.
शाईचे, मासळीचे,
आणि डिचोलीच्या खाणींवरून येणारे,
कितीही धुतले तरी नखांत तांबडे.
चेहरा दाखवायला त्यांना वाकावं लागायचं.
मी कधी वाकले नाही.

प्रतवारी स्टाफरूममध्ये ठरली होती, चहाबरोबर:
लाखाला प्लॅटिनम, पन्नास हजारांना सुवर्ण,
पंचवीसला भिंतीवर नाव, संगमरवरात.
दहाच्या खाली आभारपत्र. झेरॉक्स.

रजिस्टरात तीन आकडी फोननंबर,
'मु. पो. मये, देवळाजवळ' एवढेच पत्ते.
माणूस माणसाला विचारत गेले.
फिलोमेना बार्रेटो, बी. ए. त्र्याण्णव, सापडली स्विंडनला,
रात्रपाळी संपवून नुकतीच घरी आलेली.
नव्या प्रयोगशाळेचं मी सांगत होते, तर मध्येच म्हणाली,
लायब्ररीमागची चिंच आहे गो अजून?
आहे, म्हटलं.
त्या चिंचेवर तिनं पाच हजार पाठवले.

सत्यवान फळदेसायाचे एकेकाळी अकरा ट्रक.
आता अंगणात एक आहे, म्हणाला, त्यावर कोंबड्या बसतात.
माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं,
तुमच्याकडे शिपायाची जागा निघणार का?
थोरला पोरगा बी. कॉम. आहे. तुमच्याच कॉलेजचा.

एका नंबरावर बायको बोलली.
ते गेले, दोन वर्षं झाली. कॉलेजात कसे होते हो?
मी रजिस्टर उघडून तिला गुण वाचून दाखवले.
अर्थशास्त्र एकोणचाळीस.
ती इतकी हसली, की मी देणगीचं विसरले.

म्हाबळू गांवसाला मी फोन केला नव्हता.
त्याच्या नावावर लाल रेघ आहे,
'फी थकल्याने नाव कमी, १९९१.'
अक्षर माझं. तेव्हा ते सुरेख होतं.

बुधवारी, बाजारच्या दिवशी, तो आपणच आला,
पिशवीत दोन वाली काकड्या, खिशात मोजलेले
तीनशे ऐंशी.
बाजारात कळलं, कॉलेज पैसे मागतंय.
मी म्हटलं, देणगी...
देणगी न्हय, बाकी. दुसऱ्या टर्मची.
पावतीवर फी म्हणून लिहा.

कॉम्प्युटरनं विचारलं, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष?
रकाना रिकामा ठेवला, तर पुढे जाईना.
शेवटी कपाटातून जुनं पावतीबुक काढलं.
कार्बन वाळून कडक झालेला,
दोनदा गिरवलं तेव्हा कुठे खाली उमटलं.
खिडकीला आता अखंड काच आहे, माईक आहे.
मी उठून बाहेर गेले, पावती हातात द्यायला.
हात स्वच्छ होते. मी ओळखलेच नसते.
त्यानं पावतीची घडी घातली, चार वेळा,
आणि काकड्या बाकड्यावर तशाच ठेवून गेला.

हिशेबात तीनशे ऐंशी जास्त येतात.
ऑडिटरनं समोर पेन्सिलीनं
बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
लाल रेघ आहे तिथेच आहे.
खोडलेलं परत कसं खोडतात,
हे मला छत्तीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.

आणि आज सकाळी स्विंडनहून मेसेज:
सुलक्षा, चिंचेचा एक फोटो धाड.

दुपारी मोबाईल घेऊन लायब्ररीच्या मागे जाऊन आले.
पत्र्याची शेड.
तिच्या सावलीत प्राचार्यांची गाडी.